हार घातलेली पवनचक्की

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर गवत आहे. नीट कापलेलं, थोडं ओलसर. मधोमध जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची. डावीकडे उंच स्टूल, त्यावर प्लॅस्टिकच्या गुलाबांची फुलदाणी. उजवीकडे बागेत रोवायचा प्लॅस्टिकचा फ्लेमिंगो, मूळचा गुलाबी, आता पांढऱ्या रंगाचे दोन हात दिलेला, एका पायावर उभा. खुर्चीत जांभळं लुगडं नेसलेल्या आणि पायांत मुलाचे लोकरी मोजे चढवलेल्या मंदाबाई. मागे आभाळात हात पसरलेली डच पवनचक्की. खरी. आणि पवनचक्कीला अगदी खेटून, कुठल्याही प्रकाशयोजनेत लपवता न येणारं, सार्वजनिक स्वच्छतागृह.

प्रेक्षकांत एक बस भरून आलेले निवृत्त लोक, प्रत्येकाच्या हातात आइस्क्रीम.

कॅमेऱ्यामागे वाकलेला सुखदेव म्हणतो, "आई, श्वास घे. धर."

उभं आयुष्य मी नाटकात काढलं. राजवाडे पाहिले, जंगलं पाहिली, एकदा राजवाड्याचा पडदा फाटला म्हणून जंगलात राज्याभिषेकही केला. पण असं नेपथ्य माझ्या नशिबी सत्तरी उलटल्यावर आलं, तेही ऑकलंडपासून दोन तासांवर, गाईंच्या एका गावात. ते कसं उभं राहिलं हे सांगितलं म्हणजे सुखदेव कोण ते आपोआप सांगून होईल.

सुखदेवची आणि माझी ओळख माझ्या छातीमुळे झाली. लेकीकडे राहायला येऊन मला वर्ष झालं असेल. खोकला हटेना म्हणून तिनं मला इस्पितळात नेलं. मागे नाडी बांधायचा तो अंगरखा घालून मी यंत्राला छाती लावून उभा होतो. एक्स-रे काढणाऱ्या माणसानं कागदावरचं माझं नाव वाचलं आणि इंग्रजी सोडून एकदम मराठीत म्हणाला, "नाना, श्वास घ्या. धरा." मी धरला. तो काचेच्या आडोशाला गेला आणि तिथून विचारलं, "कुठले तुम्ही?"

मी श्वास धरलेला. सांगणार कसं?

"मी अमरावतीकडचा," तो पुढे म्हणाला. "टाकानिनीला राहतो. इथं आलो तेव्हा ईस्ट टामाकीच्या गोदामात खोकी बांधली, मग परीक्षा देऊन या कामात शिरलो. नागपूरला हेच करत होतो. तुम्ही कुठं राहता?"

माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले तेव्हा त्याला आठवण झाली. "हं, सोडा," तो म्हणाला. मग फिल्म बघून, "हललात. परत काढू."

हे त्याचे तीन शब्द: धरा, हललात, परत. नोकरीतले शब्द त्यानं घरी आणले होते, कारण रजेच्या दिवशी तो फोटो काढायचा. सहल असो, बारसं असो, विहारातला कार्यक्रम असो, सुखदेवचा कॅमेरा हजर. आणि फोटोच्या आधी सगळ्यांना श्वास धरायला लावणार. त्याच्या बायकोनं, सरितानं, मला एकदा अल्बम दाखवला. त्यात सगळं दक्षिण ऑकलंड गाल फुगवून उभं होतं. लग्नातली नवरा-नवरीसुद्धा पाण्यात बुडी मारायच्या बेतात असल्यासारखी.

"मी फार्मसीत औषधं देते," सरिता म्हणाली. "लोक विचारतात, फोटोत तुमच्या फॅमिलीला सगळ्यांनाच दमा आहे का?"

दुकानातून फोटो छापून आले की सुखदेव एकेक फोटो खिडकीपाशी नेऊन उजेडाकडे धरून बघायचा. आत हाडं दिसतील असं त्याला वाटत असावं.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो त्या दिवशी भिंतीवर एक फ्रेम पाहिली. फ्रेमला चंदनाचा हार. जवळ गेलो, चष्मा लावला. हार पवनचक्कीला घातला होता. काळ्यापांढऱ्या जुन्या फोटोचा तळहाताएवढाही नसलेला, कडा कुरतडलेला तुकडा. त्यात एक पवनचक्की आणि एका हंसाचं मागचं अर्धं अंग.

आमच्या धंद्यात नटराजाला हार घालतात, नारळ फोडतात, पेटीच्या पाया पडतात. पवनचक्कीला हार घातलेला मी बघितला नव्हता. विचारावं की नाही या विचारात असतानाच सुखदेव मागे येऊन उभा राहिला.

"ते माझे बाबा," तो म्हणाला.

मी मान डोलावली. अशा वेळी नटाला मान डोलावता आली पाहिजे.

मग त्यानं सांगितलं. वडील अमरावतीला जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. लग्नानंतर महिनाभरात दोघांनी स्टुडिओत जाऊन एक फोटो काढला. त्या काळी स्टुडिओत रंगवलेला पडदा असायचा, कुठं ताजमहाल, कुठं विमान. या स्टुडिओत तळं, हंस आणि पवनचक्की होती. सुखदेव रांगत होता तेव्हा वडील तापानं गेले. त्यांचा तेवढा एकच फोटो. तो पत्र्याच्या पेटीत होता. पेटीला वाळवी लागली. वाळवीनं आई खाल्ली, वडील खाल्ले, खुर्ची खाल्ली, अर्धा हंस खाल्ला. पवनचक्कीला तोंड लावलं नाही.

"लहानपणी कुणी विचारलं, तुझे बाबा कुठं आहेत, की मी या चक्कीकडं बोट दाखवायचो," सुखदेव म्हणाला. "मला वाटायचं, आत राहतात."

"आणि आई? त्या सांगत असतील ना, कसे दिसायचे?"

"आईला विचारलं की म्हणते, चांगले होते. बस. मी त्यांच्यासारखा दिसतो का विचारलं तर म्हणते, नाही. नाक? नाही. उंची? नाही. मग कसे होते? चांगले होते." तो हाराची गाठ सारखी करत म्हणाला, "नाना, मी रोज माणसांच्या आतलं बघतो. माझा बाप मला बाहेरून पण माहीत नाही."

मंदाबाई दोन हजार सातच्या उन्हाळ्यात तीन महिन्यांसाठी आल्या. चेहऱ्यावरून त्यांना सगळं पसंत होतं की सगळं नापसंत, ते ओळखणं कठीण. परतीचं विमान आठवड्यावर आलं तेव्हा त्यांनी जाहीर केलं, "आता मी काही परत येत नाही. गुडघे विमानात मावत नाहीत."

सुखदेव त्या दिवसापासून बेचैन. आणि नेमकं तेव्हाच इस्पितळात रुग्णांसाठी ठेवलेल्या एका फुकट पेपरात त्याला फोटो दिसला: ऐतिहासिक डच पवनचक्की, सहकुटुंब सहलीसाठी उत्तम. त्यानं पेपर घरी आणला, भिंतीवरच्या फ्रेमशेजारी धरला. चार पाती, लाकडी सज्जा, वर टोपी. तीच.

त्याची योजना साधी होती. तेच दृश्य परत मांडायचं. तीच खुर्ची, तोच हंस, तीच चक्की, खुर्चीत आई. माणूस जुन्या जागी बसला की जुनं बोलतो, असं त्याचं म्हणणं. मला विचारलं तर मी होच म्हणालो. आमचं सगळं आयुष्य त्याच भरवशावर गेलंय.

शनिवारी सकाळी त्यांच्या गाडीत सुखदेव, सरिता, त्यांची बारा वर्षांची गौतमी, मंदाबाई, मी, खुर्ची, स्टूल, फुलदाणी आणि हंस असे निघालो. हंस गौतमीच्या मांडीवर होता.

"आजी, धिस इज अ फ्लेमिंगो," ती म्हणाली. "आय पेंटेड इट."

"पांढरा हाय ना?" मंदाबाई म्हणाल्या. "मंग हंस."

चक्कीपाशी पोचलो. निळी डांगरी आणि पायात लाकडी बूट घातलेला एक उंच म्हातारा दारात उभा होता. विम त्याचं नाव. हॉलंडहून तरुणपणी आला, जन्मभर गाई राखल्या, आता शनिवार-रविवार हौसेनं चक्की चालवायचा. त्यानं "किया ओरा" असा इथला माओरी नमस्कार करून सगळ्यांशी हात मिळवले, हंसाच्या पंखालाही हात लावला.

सुखदेवनं आदरानं विचारलं, "ही किती जुनी?"

"चार वर्षं," विम म्हणाला. "हॉलंडमधल्या एका जुन्या चक्कीवरून नवी बांधलीय. इथं ऐतिहासिक फक्त मी आहे."

सुखदेवचा चेहरा पडला. सरितानं सासूबाईंना मराठीत समजावलं. मंदाबाईंनी चक्कीला पायथ्यापासून टोकापर्यंत न्याहाळलं.

"म्हंजे ही नक्कल हाय," त्या म्हणाल्या. "मले वाटलंच. अस्सल आमच्या अमरावतीले होती."

आता मी पडदे पाहिलेला माणूस. रंगवलेल्या पडद्याला एक मोठा गुण असतो, तो प्रेक्षकांकडे तोंड करून असतो. खऱ्या पवनचक्कीला ती रीत नसते. तिचं डोकं वाऱ्याकडे फिरवून ठेवतात. त्या दिवशी वारा स्वच्छतागृहाच्या बाजूनं होता. पार्किंगच्या बाजूनं, जिथं हिरवळ होती, फुलांचे ताटवे होते, तिथून चक्कीची नुसती पाठ दिसत होती.

"हिला इकडं वळवता येईल?" सुखदेवनं विमला विचारलं.

"येईल," विम म्हणाला. "वाऱ्याला सांगा."

म्हणून आम्ही नेपथ्य उचललं. सरितानं खुर्ची, मी स्टूल, गौतमीनं हंस, मंदाबाईंनी फुलदाणी. चक्कीला वळसा घालून स्वच्छतागृहापाशी सगळं मांडलं. तिथून बाहेर पडणारी माणसं एकदम थबकायची, माफी मागायची आणि पुन्हा आत जायची. एक आजीबाई तर दार अर्धं उघडून तशाच थांबल्या. सुखदेवनं त्यांनाही सांगितलं, "प्लीज, डोन्ट ब्रीद." त्यांना ते पटण्यासारखं होतं.

मंदाबाई खुर्चीत बसल्या, मोजे वर ओढले आणि त्यांच्यातला दिग्दर्शक जागा झाला.

"हंस तिकडं. अजून. त्याचं ढुंगण माह्याकडं पायजे."

गौतमीनं हंस फिरवला.

"आन हे काहून फिरते?" त्या पात्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या. "फोटोत फिरत नव्हती."

सुखदेव विमकडे गेला. विमनं आधी त्याच्याकडे, मग खुर्चीतल्या मंदाबाईंकडे पाहिलं. बहुधा त्याचीही आई तशीच होती. तो वर सज्जात गेला, त्यानं दोर ओढला, आणि ती अवाढव्य पाती कुरकुरत थांबली. बसमधून उतरलेले लोक गवतावर जमले. काहीतरी कार्यक्रम आहे असं त्यांना वाटलं असावं, आणि ते चूक नव्हतं.

"अशी नाही," मंदाबाई म्हणाल्या. "एक पातं याच्या डोस्क्यातून निंगालं पायजे."

"कुणाच्या, आई?" सुखदेवनं विचारलं.

"तुया बाबाच्या. शिंग फुटल्यावानी दिसत होतं."

सुखदेवनं कॅमेऱ्यातून मान वर केली. फोटोत कुणाच्या डोक्यातून खांब, झाड, काही उगवू द्यायचं नाही हा त्याचा कडक नियम होता. पण वडिलांबद्दल 'चांगले होते' सोडून दुसरं काही त्यानं पहिल्यांदाच ऐकलं होतं. त्यांना शिंग होतं.

"उजवीकडून की डावीकडून?" त्यानं हळूच विचारलं.

"डावीकडून."

दोर सुटला, पाती थोडी सरकली, दोर ओढला. पातं पुढे गेलं. पुन्हा. तिसऱ्या खेपेला विम वरून ओरडला, "मी गहू दळतो, मॅडम. घड्याळ लावत नाही." पण लावून दिलं. पातं तिरपं थांबलं.

आता त्या पात्याखाली उभं कोण राहणार? फोटोवाला सुखदेव आणि उभं राहायचं तेही सुखदेवनं. कॅमेऱ्याला कुणाला हात लावू देण्याचा त्याचा स्वभाव नव्हता, म्हणून त्यानं तो तिकाटण्यावर ठेवून आपोआप टिपायची कळ दाबली आणि धावला. पहिल्यांदा हंसाला अडखळला. दुसऱ्यांदा पोचला, पण कॅमेऱ्याकडे पाठ करून. तिसऱ्यांदा मधोमध असतानाच कळ वाजली. त्या फोटोत स्वच्छतागृहाच्या दिशेनं जिवाच्या आकांतानं पळणारा एक माणूस आहे, आणि त्याचं कारण कुणालाही समजावून सांगता येत नाही. बसवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

धापा टाकत त्यानं कॅमेरा माझ्या हातात दिला. "नाना, तुम्ही दाबा. मी सांगेन तेव्हा."

सरितानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही त्यानं मला घर लिहून दिलं.

तो खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. मंदाबाईंनी मान वळवून त्याला आपादमस्तक पाहिलं.

"कोट बरोबर नाही."

"का? नवीन आहे."

"तुले बसते तो. त्यायले बसत नव्हता. इष्टुडिओवाल्याचा कोट होता तो. बाह्या इथलोक."

माझा कोट काढून त्याला चढवला. मी बुटका. बाह्या कोपराच्या थोड्याच खाली संपल्या. मंदाबाईंनी मान डोलावली.

"हात खुर्चीवर. असा नाही, अंगठा आत घे. नख काळं होतं त्यायचं. मशिनीत सापडलं होतं आदल्या दिवशी. फोटोत दिसू नाही म्हणून लपवलं."

सुखदेवनं अंगठा आत घेतला. मला कॅमेऱ्याच्या खिडकीतून त्याचा चेहरा दिसत होता. एक्स-रेची फिल्म धुताना हाडं हळूहळू वर येतात, तसं त्याच्यासमोर काहीतरी उमटत होतं, आणि ते मधेच पुसलं जाऊ नये म्हणून तो पापणीही हलवत नव्हता.

"आणि तोंड?" त्यानं विचारलं. "तोंड कसं होतं?"

"हसू दाबून ठेवलं होतं. फोटोवाला खेकसला होता ना. हसू नका म्हणे, हलता तुम्ही. मंग यायनं श्वासच धरला. गाल असे."

मंदाबाईंनी गाल फुगवून दाखवले.

सरिता माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझं मनगट धरलं. तो सगळा अल्बम तिच्या डोळ्यांपुढे आला असणार.

"हसत कशाला होते?" सुखदेव म्हणाला.

"काई नाही रे. येडपट होते." त्यांनी मोजे पुन्हा वर ओढले. "पडद्याकडं मान वळवू वळवू पाहत होते. फिटर ना. माह्या कानात म्हणाले, मंदा, याले पट्टाच नाही बसवेल. हे फिरन कसं?"

आता वास्तविक सगळं जुळून आलं होतं. कोट तोकडा, अंगठा आत, डोक्यातून शिंग, हंसाचं ढुंगण बरोबर जागी. सुखदेवनं गाल फुगवले आणि मला मानेनं खूण केली. मी कळ शोधत होतो. नटाला कॅमेऱ्याची सवय पुढच्या बाजूनं.

तेवढ्यात सज्जातून विमनं विचारलं, "ऑल गुड?"

त्याला विचारायचं होतं, झालं का. गौतमीला वाटलं, तयार का. तिनं अंगठा वर केला आणि इथल्या पोरांच्या बोलीत ओरडली, "स्वीट ॲज."

विमनं दोर सोडला.

आधी वर कुठंतरी लाकूड कण्हलं. मग सुखदेवच्या डोक्यातलं शिंग हललं, त्याच्या कपाळावरून सरकलं आणि वर गेलं. मंदाबाईंना ती कुरकुर ऐकू आली. त्यांनी मान वळवली, वर पाहिलं. फिरती पाती पाहिली, आणि त्यांच्या खाली, तोकड्या कोटात गाल फुगवून उभा असलेला माणूस पाहिला. जुन्या फोटोच्या वेळी त्यांना समोर बघायला सांगितलं होतं. मागे उभा असलेला नवरा त्यांनी तेव्हा पाहिलाच नव्हता.

"फिरली पाहा," त्या त्याला म्हणाल्या. सुखदेवला नाही, हे मी कुणालाही शपथेवर सांगेन. "पट्ट्याबिगर फिरली."

आणि त्या हसायला लागल्या. तीन महिन्यांत मी त्यांचे दात पाहिले नव्हते. खुर्ची हलायला लागली, फुलदाणी गवतावर पडली, बसवाले उगाचच हसू लागले. सुखदेवनं बराच वेळ धरून ठेवलं, पण शेवटी त्याच्याही गालांतून हवा फुसकन् निघाली. माझं बोट नेमकं तेव्हाच कळीवर पडलं.

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर मी फोटो पाहिला. मंदाबाईंचा चेहरा आडवा, तोंड उघडं, समोर कुणीच बघत नाही. पात्यांच्या जागी नुसता पांढरट फराटा. सुखदेवच्या शिस्तीत हा फोटो पहिल्या फटक्यात बाद.

मला कामात कुचराई केलेली आवडत नाही. मी म्हणालो, "सुखदेव, हललं रे सगळं. विमला थांबवायला सांग, परत काढू."

आईचा हात अजून त्याच्या तोकड्या बाहीवर होता. तो पात्यांकडे बघत होता.

"नको, नाना," तो म्हणाला. "हलू दे."